चिकटवत नाही

शीळफाट्याला, टायरवाल्याच्या मागे,
आमचं दुकान: चार पत्रे, एक पंखा, एक तापती नळी.
बाहेर पाटी, वझीरभाई मुकादमांच्या अक्षरात:
बंपर, टाकी, बॅटरीची पेटी, खुर्ची. फुटलेलं जोडून मिळेल.
खाली बारीक: चिकटवत नाही.

हे पुष्कळांना कळत नाही.
फेविक्विक लावलेली वस्तू घेऊन येतात,
कडेनं पांढरी पडलेली,
आणि मला आधी ते सगळं खरवडून काढावं लागतं,
घाईघाईनं घातलेल्या समजुतीसारखं.

पहिलं काम नाकाचं.
दिसणार नाही अशा जागेची एक कपची काढायची,
काडी लावायची, ज्योत विझली की वास घ्यायचा.
मेणबत्तीचा आला तर एक कुळी,
काजळीचे धागे उडाले तर दुसरी,
नाकात झोंबलं तर बाहेर पळायचं.
"नाव सुगंधा," वझीरभाई म्हणाले होते पहिल्या दिवशी,
"आईबापांनी विचार करून ठेवलंय."

दिवाळ्याची मंजुळाबाई टेम्पोतून बर्फाची पेटी घेऊन आली,
तळापासून कानापर्यंत तडकलेली.
मी सवयीनं विचारलं, जात कुठली?
तिनं पदर खोचला. "माझी का पेटीची?"
वझीरभाई हसले नाहीत.
"पेटीची, बाय. या धंद्यात तेवढीच विचारावी लागते.
परकी कांडी वितळते, पण धरत नाही."
"आमच्या थोरल्यानं परक्यातली आणली," ती म्हणाली,
"चौदा वर्षं झाली, धरून आहे."
मी कपची जाळत राहिले.
मेणबत्ती.

ते माझं एकटीचं पहिलं काम.
रेघ सुंदर आली. मोबाईलवर फोटो काढला.

आठव्या दिवशी पेटी परत.
मंजुळाबाई ओरडली असती तर बरं झालं असतं.
तिनं रेघेखाली नख घातलं
आणि माझी अख्खी शिवण सोलून काढली,
कोलंबी सोलावी तशी, एका झटक्यात, शेपटीपर्यंत.
"पाणी गळालं. पापलेट नरम पडलं," एवढंच. "चार हजाराचं."

वझीरभाईंनी सालपट उजेडात धरलं.
खालची बाजू गुळगुळीत.
"कांडी तापली, पेटी थंडच होती.
एकालाच ताप देऊन कुठे जुळतं?"

पुन्हा.
जुनी रेघ तासून चर पाडला, दोन्ही काठ उताराचे.
मग चिरेचं टोक शोधलं, केसाएवढं.
दिसतं त्याच्याही थोडं पुढे गेलेलं असतं ते.
तिथे ड्रिलनं भोक पाडलं.
मंजुळाबाई ताडकन उठली. "अगो, फुटकीला आणि भोक?"
"इथे थांबेल ती. गोल जागेत चिरेला पुढची वाट सापडत नाही."
तिनं वाकून बघितलं.
"मग ते बुजवायचं विसरू नको."

कांडी तिच्याच पेटीच्या मोडक्या झाकणातून कापली.
नळी उजव्या हातात, झोक्यासारखी,
कांडीवर, पेटीवर, कांडीवर, पेटीवर,
दोन्हींना घाम फुटेपर्यंत,
जळका वास यायच्या आत.
डावा अंगठा सरळ खाली दाबत.
दोन्ही बाजूंना बारीक लाट उठली की समजायचं, धरलं.
बाहेर महाप्याकडचे ट्रेलर वळत होते,
पत्रे हादरत होते,
हात हलू द्यायचा नव्हता.

फुंकर मारायची नाही. पाणी मारायचं नाही.
आपापलं निवू द्यायचं.
चहा झाला. मग भोक बुजवलं.

या वेळी रेघ कुरूप आली, जाड,
टाचेच्या भेगेत आमसुली तेल थिजावं तशी.
फोटो काढला नाही.

पेटीत काठोकाठ पाणी भरलं, खाली कालचा पेपर पसरला
आणि तिघं उलट्या क्रेटवर बसलो.
मंजुळाबाईनं टेम्पोवाल्याला हातानंच थांब म्हटलं.
पेपरात कुठल्याशा टॉवरची जाहिरात होती,
प्रत्येक खिडकीतून खाडी, निळंशार पाणी.
अर्ध्या तासानंही
पेपरवर पाणी तेवढंच.

"नख घालू का?" तिनं विचारलं.

मी हात पुसले.
"घाला."